पोलाद खाणारे शिसे



ताप मोजण्याचे पाऱ्याचे थर्मामीटर फुटले, की घरातील जुनी माणसे ओरडून सांगत, "आधी बोटातली अंगठी काढा!" ह्या सांगण्यात अंधश्रद्धेचा भाग काही नाही. सोन्याला पारा लागला की ते पांढुरके पडते, मऊ होते आणि मुलामा पातळ असेल तर नाहीसेही होते. पारा हा नेहमीच्या तापमानाला द्रवरूप असणारा धातू आहे आणि साखर जशी पाण्यात विरघळते, तसे सोने पाऱ्यात विरघळते. (पाऱ्याची वाफ विषारी असते. तेव्हा अंगठी असो वा नसो, पाऱ्याला उघडा हात लावू नये. खिडक्या उघडाव्यात, जाड कागदाने थेंब गोळा करावेत आणि झाकणाच्या बाटलीत बंद करावेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

एक धातू दुसऱ्या धातूला आम्लाशिवाय, पाण्याशिवाय, हवेशिवाय खाऊन टाकू शकतो, एवढे ह्या उदाहरणावरून ध्यानात घ्या. आजचा विषय ह्याच गोष्टीवर उभा आहे, आणि तो वाटतो तितका आपल्यापासून दूर नाही.

गेल्या काही वर्षांत 'कृत्रिम सूर्य' अशा मथळ्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी लेसरच्या माऱ्याने हायड्रोजनच्या जड अणूंचे संमीलन घडविले. त्यात लक्ष्यावर सोडलेल्या लेसरच्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडली. इंग्लंडमधील कल्हॅम येथील 'जेट' या यंत्राने २०२३ साली, बंद होण्याच्या थोडे आधी, ६९ मेगाज्यूल ऊर्जा निर्माण करून विक्रम केला. त्याला इंधन लागले एक मिलिग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याएवढे. अशा बातम्यांनी मन हरखून जाते, आणि तसे व्हायलाही हवे. परंतु बातमीत विस्तवाचीच कथा असते. तो विस्तव ज्या चुलीत ठेवायचा त्या चुलीची कथा सहसा कोणी सांगत नाही. आज आपण चुलीकडे पाहू.

प्रथम थोडी उजळणी. हायड्रोजनची दोन जड भावंडे आहेत, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. त्यांचा वायू सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवून चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरून ठेवला, तर त्यांचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात. त्यातून हेलियमचा अणुगर्भ आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो. मोकळी होणारी सुमारे ८० टक्के ऊर्जा हा न्यूट्रॉन घेऊन पळतो. त्याला विद्युतभार नसल्यामुळे चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो सरळ भिंतीत घुसतो. म्हणून भिंतीच्या आत असे काही तरी हवे की जे ह्या न्यूट्रॉनला झेलील, त्याची उष्णता घेईल आणि ती वाफेच्या यंत्रापर्यंत पोचवील.

दुसरी अडचण इंधनाची. ड्युटेरियम पाण्यातून मिळते, त्याची चिंता नाही. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाहीच. ते किरणोत्सारी आहे आणि १२.३ वर्षांत त्याचे निम्मे उरते. संमीलनातून १००० मेगावॅट उष्णता देणारी भट्टी वर्षभर अखंड चालविली तर सुमारे ५५ किलो ट्रिटियम लागेल. सगळ्या जगात नागरी वापरासाठी उपलब्ध असलेला साठाच जेमतेम पंचवीस-तीस किलोंच्या घरात आहे. म्हणजे भट्टीने आपले इंधन आपणच तयार केले पाहिजे. ही किमया लिथियम करते. लिथियमच्या अणूवर न्यूट्रॉन आदळला की त्यातून ट्रिटियम निघते.

आता उष्णता वाहून नेणारा द्रव आणि ट्रिटियम देणारा लिथियम, ही दोन्ही कामे एकाच पदार्थाने केली तर किती सोय! लिथियम १८० अंशांना वितळतो. पण नुसता वितळलेला लिथियम पाणी आणि हवा यांच्या संपर्कात आला की पेट घेतो. म्हणून शिसे आणि लिथियम यांचे मिश्रण निवडले गेले. त्यात १०० अणूंपैकी सुमारे ८४ शिशाचे आणि १६ लिथियमचे असतात. लिथियमचा अणू इतका हलका की वजनात त्याचा वाटा एक टक्कासुद्धा भरत नाही. हे मिश्रण २३५ अंशांच्या आसपास वितळते. शिसे आणखी एक उपकार करते. एका वेगवान न्यूट्रॉनचे ते दोन करू शकते, त्यामुळे ट्रिटियमची पैदास भागते. शिवाय द्रवाला किरणोत्साराने तडे जात नाहीत, त्यातून ट्रिटियम सतत काढून घेता येते, आणि पाण्यासारखा प्रचंड दाब ठेवावा लागत नाही. कागदावर तर हा सर्वगुणसंपन्न जावई!

दोष आहे तो पोलादाशी वागण्यात.

पोलाद खराब होते म्हटले की आपल्याला गंज आठवतो. पावसाळ्यात खिडकीचे गज, पत्र्याची बादली, सायकलची चेन यांवर तांबूस थर चढतो. लोखंडाचा प्राणवायूशी संयोग होऊन तो बनतो. घरातल्या स्टेनलेस स्टीलच्या ताटवाट्यांना गंज चढत नाही, कारण त्यातील क्रोमियम प्राणवायूशी संयोग करून पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, न दिसणारी साय धरते. ती साय आतल्या धातूचे रक्षण करते. घासणीने खरवडली तरी हवेतील प्राणवायू घेऊन ती पुन्हा धरते.

ह्या सायीचे महत्त्व आपल्याकडच्या कल्हईवाल्याला पुस्तक न वाचता ठाऊक होते. तांब्या-पितळेचे भांडे भट्टीवर तापवून तो आधी नवसागर टाकीत असे. पांढरा धूर उठे, भांड्यावरची मळकी साय निघून जाई, आणि मग कथील फिरविले की ते लखकन पसरून चिकटून बसे. नवसागराशिवाय कथलाचे नुसते मणी होऊन भांड्यात घरंगळत राहतील. साय गेल्याशिवाय धातू धातूला भिजवीत नाही.

शिसे-लिथियमच्या नळीत नेमके हेच घडते. फरक एवढाच की नवसागर टाकायला कोणी बसलेले नाही, ते काम लिथियमच करतो. प्राणवायूची त्याला विलक्षण ओढ. पोलादावरची क्रोमियमची साय तो हळूहळू सोडवून घेतो. सुरुवातीचे शेकडो तास, कमी तापमानाला कधी हजाराहून जास्त तास, नळीला काहीच झाले नाही असे दिसते. मग साय संपते, शिसे उघड्या पोलादाला भिडते आणि झीज सुरू होते. आत मोकळा प्राणवायू नसल्यामुळे साय पुन्हा धरत नाही. म्हणून थोड्या दिवसांच्या प्रयोगावर विसंबून "आमचे पोलाद टिकले" असे जाहीर करणाऱ्यांकडे मी जरा सावधपणेच पाहतो.

शिशात लोखंड फार थोडे विरघळते. बंद भांड्यात पोलादाचा तुकडा आणि वितळलेले शिसे ठेवले, तर शिसे थोडे लोखंड घेऊन तृप्त होईल आणि खाणे थांबवील. पण भट्टीत शिसे फिरते असते. गरम भागातून निघून थंड भागात जाते आणि पुन्हा गरम भागात येते. आमच्या भगिनींना हे चटकन समजेल. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते. तोच घट्ट पाक निवू दिला की जास्तीची साखर बाहेर पडून दोऱ्यावर खडीसाखर जमते. इथेही तसेच. तापलेल्या नळीतून लोखंड आणि क्रोमियम विरघळते, थंड नळीत त्याचे खडे जमतात, आणि तृप्ती उतरलेले शिसे पुन्हा भुकेले होऊन गरम भागाकडे परतते. एका टोकाला नळी पातळ होते आणि दुसऱ्या टोकाला नळी तुंबते.

गॅल्व्हनायझिंगच्या कारखान्यात काम केलेल्या बांधवांनी ह्याचे छोटे रूप पाहिले असेल. सुमारे ४५० अंशांवर वितळलेले जस्त ज्या पोलादी टाकीत असते, त्या टाकीलाही ते चाटत असते. टाकीतले आणि मालातले लोखंड जस्ताशी मिळून जड गाळ तळाशी बसतो, तो काढावा लागतो, आणि काही वर्षांनी टाकीच बदलावी लागते. टाकीची आग थोडी वाढली तरी झीज झपाट्याने वाढते, म्हणून जाणता कारागीर तापमानावर डोळा ठेवून असतो.

संमीलन भट्टीत टाकी बदलणे इतके सोपे नाही, आणि आकडेही बोलके आहेत. जर्मनीतील कार्ल्सरुह येथे 'पिकोलो' नावाच्या नळीचक्रात वर्षानुवर्षे हे मोजले गेले. खास संमीलनासाठी बनविलेले युरोफर नावाचे पोलाद त्यात शिसे-लिथियमच्या प्रवाहात ठेवले. प्रवाह काही धो धो नव्हता, सेकंदाला २२ सेंटिमीटर. ४८० अंशांना वर्षाला सुमारे ९० मायक्रॉन, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढा थर गेला. ५५० अंशांना हाच आकडा वर्षाला सुमारे ४०० मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर झाला. तापमान ७० अंशांनी वाढले आणि झीज चौपटीहून जास्त वाढली. ज्या भिंतींची जाडीच काही मिलिमीटर असायची, त्यांना हे कसे परवडावे? आपणच गुणाकार करून पाहू. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून ०.४ मिलिमीटर पोलाद गेले तर ते भरते तीन किलोच्या वर. हजार चौरस मीटरला तीन टन. एवढे पोलाद नळ्यांतून हिंडणार आणि जिथे थंडावा मिळेल तिथे बैठक मारणार. कार्ल्सरुहच्या त्या चक्राच्या थंड बाजूलाही खडे जमून नळी तुंबल्याची नोंद आहे. लोखंडाचे खडे पकडण्यासाठी तिथे चुंबकाचा सापळा बसविलेला होता.

मग चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील का वापरू नये, असे कोणी विचारील. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, आणि घात होतो तो निकेलमुळे. निकेल शिशात लोखंडापेक्षा कितीतरी जास्त विरघळते. ते आधी निघून जाते, मागे स्पंजासारखा सच्छिद्र थर उरतो आणि त्या छिद्रांतून शिसे आणखी आत शिरते. कल्पाक्कमच्या अणुभट्टीत १९८५ पासून द्रवरूप सोडियम निकेलयुक्त स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांतून फिरविण्यात आले आहे. कारण सोडियम शुद्ध ठेवला तर ह्या पोलादाशी तो बराच सभ्यपणे वागतो. सगळे द्रवधातू सारखे नव्हेत. कथील तर पोलादाच्या बाबतीत शिशापेक्षाही खादाड आहे.

म्हणून संमीलनासाठी निकेल वगळून सुमारे ९ टक्के क्रोमियमचे पोलाद तयार केले गेले. त्यात मॉलिब्डेनम आणि नायोबियम यांच्या जागी टंगस्टन, व्हॅनेडियम आणि टँटलम घातले. ह्यामागे दुसराही हेतू आहे. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पोलाद स्वतः किरणोत्सारी होते. घटक नीट निवडले तर त्याचा किरणोत्सार साधारण शंभर वर्षांत बराच ओसरतो. नाही तर पुढच्या कित्येक पिढ्यांनी त्याची राखण करीत बसावे लागेल.

ह्या कामात आपला देश मागे नाही. फ्रान्सच्या दक्षिणेस कादाराश येथे सात भागीदार मिळून 'आयटर' ही प्रचंड संमीलन भट्टी उभारीत आहेत, त्यांत भारत आहे. भट्टीला वेढणारे सुमारे ३० मीटर उंच आणि ३० मीटर रुंद निर्वात पात्र गुजरातेत हजिरा येथे घडविले गेले आणि त्याचा तळ मे २०२० मध्ये जागेवर बसविण्यात आला. आयटर वीज तयार करणार नाही, ती प्रयोगाची भट्टी आहे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादची मिश्र धातु निगम यांनी मिळून वरच्या प्रकारचे भारतीय पोलाद बनविले. शिसे-लिथियमच्या प्रवाहात ते किती झिजते, ह्याचे प्रयोग आपल्या मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले आहेत.

आतापर्यंत चुंबकाचा विचार आपण बाजूला ठेवला होता. आयटरच्या मध्यभागी ५.३ टेस्ला क्षेत्र असेल. होकायंत्राची सुई फिरविणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते सुमारे एक लाख पट आहे. द्रवधातू विजेचा वाहक असल्याने अशा क्षेत्रातून वाहताना त्यात विद्युतप्रवाह उठतात आणि ते त्यालाच मागे ओढतात. जणू पाण्याच्या नळातून एकाएकी मध वाहू लागावा. डेन्मार्कच्या हार्टमन यांनी पाऱ्यावर प्रयोग करून १९३७ साली हे दाखविले होते. गंमत अशी की ओढ लागून धातू सगळीकडे सारखा मंद होत नाही. काही भिंतींच्या लगत तो उलट धावत सुटतो. लॅटव्हियातील सालास्पिल्स येथे १.७ टेस्ला क्षेत्रात प्रयोग केले, तेव्हा पोलादाची झीज क्षेत्राविना होते त्याहून वाढली. पृष्ठभागावर प्रवाहाच्या दिशेने चरेही पडले, नांगराच्या तासांसारखे. म्हणजे चुंबकाविना काढलेले आकडे भट्टीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

उपाय? पहिला उपाय साधा आहे, तापमान कमी ठेवा. युरोपच्या पुढच्या भट्टीच्या एका आराखड्यात उष्णता पाण्याच्या नळ्यांनी काढायची आणि शिसे-लिथियमला संथ ठेवून फक्त ट्रिटियमचे काम द्यायचे, असे योजले आहे. झीज घटते. पण तापमान कमी म्हणजे उष्णतेची वीज करण्याची टक्केवारी कमी. शिवाय गरम धातूशेजारी दाबाखालचे पाणी आले, त्याची वेगळी धास्ती.

दुसरा उपाय कल्हईचा. पोलादाला असा लेप द्यायचा की जो लिथियमला सोडविता येणार नाही. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, ज्याला ॲल्युमिना म्हणतात, तो क्रोमियमच्या सायीपेक्षा कितीतरी चिवट आहे. लिथियम त्याच्याशी झगडतो, पण त्यातून होणारे लिथियम-ॲल्युमिनियमचे ऑक्साइडसुद्धा बऱ्यापैकी टिकाऊ असते. ह्या लेपाने आणखी एक काम साधते. ट्रिटियमचा अणू इतका बारीक की तापलेल्या पोलादातून तो पाझरून बाहेर जातो. लेप त्याला अडवितो. परंतु लेप हा लेपच. गरम-थंड होताना पोलाद आणि लेप सारखे फुगत नाहीत, तडा जातो, आणि एका तड्यातून शिसे आत शिरले की आतल्या आत पोखरण सुरू. म्हणून पोलादातच ॲल्युमिनियम मिसळून आपली साय आपणच धरणारे पोलाद करण्याचा तिसरा मार्ग आहे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेत अशा मिश्रधातूच्या नळीत शिसे-लिथियम ७०० अंशांपर्यंत तापवून फिरविले आणि झीज थोडी आढळली. मला हा मार्ग सर्वांत आशेचा वाटतो. मात्र ते प्रयोग १००० तासांचे होते. १००० तास म्हणजे ४२ दिवसही पुरते नाहीत. वीज केंद्र वर्षानुवर्षे चालावे लागते. आणि गरम धातू, जबर चुंबक आणि संमीलनाच्या वेगाचे न्यूट्रॉन हे तिन्ही एकाच वेळी पोलादावर सोडून दीर्घ काळ पाहिल्याचे उदाहरण आजवर नाही. तशा न्यूट्रॉनच्या माऱ्यासाठी स्पेनमध्ये ग्रानादाजवळ एक यंत्र उभे राहत आहे. त्यात सेकंदाला १५ मीटर वेगाने पडणाऱ्या द्रव लिथियमच्या पडद्यावर कणांचा झोत सोडला जाईल. तिथेही पुन्हा लिथियम आणि पोलाद समोरासमोर आहेतच. त्या लिथियममध्ये नायट्रोजन मिसळला तर झीज वाढते, म्हणून तो गाळून घेण्याची वेगळी सोय करावी लागते.

ही चर्चा यंत्राच्या आयुष्यापुरती आहे असे समजू नका. थंड नळ्यांत जे खडे जमतात ते साध्या लोखंडाचे नसतात. भिंतीत असताना न्यूट्रॉन खाल्लेल्या पोलादाचे ते कण. त्यांत मँगनीजचा किरणोत्सारी प्रकार असतो, तो ३१२ दिवसांत निम्मा होतो. शिशावर न्यूट्रॉन आदळून थोडे बिस्मथ बनते आणि बिस्मथपासून पोलोनियम, जे शरीरात गेले तर फार घातक. म्हणून बिस्मथ सतत काढत राहावे लागेल. तुंबलेला व्हॉल्व्ह उघडायला, पंप सोडवायला, गाळ काढायला कोणी तरी जाईल. भट्टीच्या पोटातली कामे यंत्राच्या हातांनी करण्याची योजना आहे. पण बाहेरच्या पंपघरात, नळ्यांच्या वळणांत किती माणसे, किती वेळ राबणार, हे वर्षाला किती मायक्रॉन पोलाद झिजते ह्यावर ठरणार आहे. कारखान्यातली गाळ काढण्याची कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. झीज रोखणाऱ्याचे काम म्हणूनच मला विस्तव पेटविणाऱ्याच्या कामाइतके मोठे वाटते.

काही पालक विचारतात की मुला-मुलींना विज्ञानाची आवड आहे, पण संगणकाखेरीज दुसरी वाट दिसत नाही. त्यांनी धातुशास्त्राची चौकशी जरूर करावी. पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय), नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था आणि पवईची आयआयटी येथे धातुशास्त्राच्या पदवीची सोय आहे. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत धातुशास्त्राचे अभियंतेही घेतले जातात. पदविका झालेले आणि आयटीआय झालेले फिटर, वेल्डर यांच्यासाठी तिथे विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या जागा निघतात. त्यांच्या जाहिराती केंद्राच्या संकेतस्थळावर आणि रोजगार समाचारमध्ये पाहाव्यात. अर्जाची मुदत फार थोडी असते, तेव्हा जातीचा दाखला आणि गुणपत्रिका आधीच तयार ठेवाव्यात.